आठवी कुठे आहे, ते सांगा आधी

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रंगीत तक्ता टाकला, शाळेची वर्षं कशी विभागली त्याचा. ५+३+३+४. पायाभूत, पूर्वतयारी, पूर्व माध्यमिक, माध्यमिक. खाली टाळ्याच टाळ्या. कोठारी शिक्षण आयोगापासूनचं १०+२ मोडीत निघालं म्हणे, आता बघा देश कसा बदलतो!

डोकंच फिरलं माझं.

माझ्या चुलतभावाची धाकटी यंदा सातवी झाली. गावची झेडपी शाळा सातवीलाच संपते. २००९च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी-सातवी-आठवी एकाच गटात, शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. आमची आठवी नदीपलीकडच्या हायस्कूलात, त्याच्या दुप्पट लांब. नवा तक्ताही सहावी ते आठवी एकच टप्पा धरतो. धरो बापडा. वर्ग कुठंय?

झेडपीला आठवी जोडा म्हटलं की हायस्कूलवाले ओरडतात: आमची तुकडी तुटेल, शिक्षक अतिरिक्त ठरतील. त्यांचंही पोट आहे, खरंय. पण ह्या ओढाताणीत पोरगी कुणाच्याच पटावर नाही!

आणि कृपा करून मला पास सांगू नका. अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास मिळतो, माहितीये. शाळा सुटते पाचला, गाडी येते साडेसहाला, आली तर. थंडीत तोवर काळोख. फाट्यावर ना दिवा ना शेड. वहिनी म्हणाली, "ताई, रोज जीव टांगणीला लागतो. घरात असली म्हणजे डोळ्यांसमोर तरी राहील." काय बोलणार तिला? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं बहुतेक.

अंगणवाडीची तीन वर्षं शिक्षणात धरली, हे चांगलं केलं. बरं. पण चौथीनंतर एक गळती, सातवीनंतर दुसरी, दहावीनंतर ज्युनियर कॉलेजसाठी तालुका गाठायचा ही तिसरी. जिथे इमारत बदलते तिथेच मुली घरी बसतात. शिकलेली माणसं आहात, एवढं दिसत नाही?

पोरीचं गणित पक्कं आहे हो. भावाची दुधाची डायरी तीच लिहिते, डेअरीवाल्याची फॅटची चूक तिनेच पकडली होती.

दाखला अजून काढलेला नाही. तालुक्याला मुलींचं बरं वसतिगृह कुणाला ठाऊक असेल तर इनबॉक्स करा. आणि पाचची गाडी सुरू व्हावी म्हणून आगारात अर्ज देतेय, गावाकडच्यांनी सह्या करा. आज. उद्या विसराल.