महाद्वार रोडची हवा विद्यापीठाच्या माळावर मोजू नका

थंडी पडली की तोच मेसेज फिरायला लागतो. ‘प्रदूषणाची काळजी दिल्ली-मुंबईवाल्यांनी करावी. कोल्हापूरला चारी बाजूंनी ऊस आहे, पंचगंगा आहे. बाजारात थोडी धूळ असायचीच. रुमाल बांधा, गुळाचा खडा खा, छाती साफ!’ परवा आमच्या पेठेच्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. माझं निम्मं आयुष्य महाद्वार रोडवरच्या कापडाच्या दुकानात गेलंय, म्हणून गप्प बसवलं नाही.

हवा स्वच्छ आहे म्हणता? २०१९ साली केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेची मानकं वर्षानुवर्षं न पाळू शकलेली शहरं त्यात घेतली आणि मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरचंही नाव आलं. ऊस हिरवा असतो हे खरं, पण तोड झाल्यावर फडात पाचट पेटतं, आणि गळीत हंगाम असतो ऐन थंडीत. तेव्हाच गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही.

‘मोबाईलवर आकडा तर बरा दिसतो’, असं एकानं खाली लिहिलं होतं. लोक इथंच फसतात. मोबाईलवर दिसतो तो हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. त्यातला धुळीचा आकडा चोवीस तासांची सरासरी असतो. पहाटे तीनचा रिकामा रस्ता आणि संध्याकाळी सातची गर्दी त्यात एकत्र होते. शिवाय जागेचा फरक आहेच. प्रदूषण मंडळाची केंद्रं शिवाजी विद्यापीठातही आहेत आणि महाद्वार रोडवरही. विद्यापीठाच्या मोकळ्या माळावर वारा खेळतो. इथं दोन्ही बाजूंना इमारती, मध्ये अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं, रिक्षा, मालाचे टेम्पो, आणि दहा पावलांवर ब्रेक. धूर तर आहेच, पण टायर आणि ब्रेक झिजून पडलेली भुकटी, रस्त्यावरची माती प्रत्येक चाकाबरोबर पुन्हा उडते. गिऱ्हाईक अर्ध्या तासात घरी जातं. काउंटरमागचा पोरगा आणि लक्ष्मीपुरी बाजारातला हमाल दहा-बारा तास तीच हवा ओढतात. शहराची सरासरी त्यांच्या काय कामाची?

रुमालाचं थोडक्यात. कापड विकतो म्हणून सांगतो, सुती रुमाल उजेडासमोर धरा, वीण दिसेल. पीएम २.५ म्हणजे हवेतली सगळ्यात बारीक धूळ, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. तिचा कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही बारीक. रुमालानं जाडी धूळ अडते, हा कण नाही. त्याला चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

आता गूळ. आपल्या मातीतली गोष्ट, म्हणून यावर बोललं की माणसं रागावतात. मलाही गूळ प्रिय आहे. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ जाते श्वासनलिकेतून फुप्फुसात. जाडी धूळ श्वासनलिकेतला चिकट द्राव आणि सूक्ष्म केस वर ढकलतात, ती खोकल्यातून पडते. बारीक कण त्याच्याही खाली, वायुकोशांत उतरतात, आणि तिथं हे केस नसतात. गुळानं छाती साफ होते याचा दाखला म्हणून सांगितला जातो तो १९९४ चा प्रयोग उंदरांवरचा होता. त्यावरून हमालाला ‘खडा खा आणि पोती उचल’ म्हणणं मला पटत नाही.

आमच्या दुकानापुरतं आम्ही एवढं केलंय: झाडण्याआधी पाणी शिंपडतो, आणि माल उतरेपर्यंत टेम्पोचं इंजिन बंद ठेवायला लावतो. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर कुरकुरले. आता दारात आले की स्वतःच बंद करतात.