2,500 रुपये भरू नका: ‘घरबसल्या लेखन’वाल्या मेसेजला उत्तर

‘घरबसल्या लेखन करा, महिन्याला 50,000 कमवा’ हा मेसेज सध्या सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. परवा डोंबिवलीहून भाचीने तोच पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, आज शेवटची तारीख आहे म्हणतात, 2,500 भरू का?” नुकतीच बी.ए. झालीय, मराठी छान लिहिते, कामाच्या शोधात आहे. नेमक्या अशाच मुलामुलींना गाठायला तो मेसेज लिहिलाय. मी बरीच वर्षं मुंबईत फ्रीलान्स लेखनावर घर चालवते, म्हणून हे उत्तर सगळ्यांसाठी.

मेसेज म्हणतो: नोंदणी शुल्क भरा, पहिल्या पेमेंटबरोबर परत मिळेल. अनुभव, पदवी काही नको. सुरुवातीला फुकट लिहा, नाव होतं. पैसे उशिरा आले तर बोलू नका, या लाइनीत असंच चालतं. आणि एआय आहेच, 10 मिनिटांत लेख तयार.

सगळ्यात घातक आहे ते नोंदणी शुल्क. मजकूर विकत घेणारा लेखकाला पैसे देतो, लेखकाकडून घेत नाही. वर्तमानपत्र, जाहिरात एजन्सी, अंधेरीतला डबिंग स्टुडिओ, कुठेही कामाला लागण्यासाठी फी नसते. त्या नंबरवरून भाचीला पुढे काय काय आलं तेही मी मागवून घेतलं. आधी एक ‘करार’: वर गोल शिक्का, खाली सहीची जागा, सोबत आधार आणि पॅनचे फोटो पाठवा. कामाचं नाव लेखन, प्रत्यक्षात इंग्रजी पुस्तकाच्या पानांचे धुरकट फोटो. ते बघून मजकूर टाइप करायचा, 5 दिवसांत, 98 टक्के अचूक. त्या फोटोंत इंग्रजी एल, आय आणि 1 हा आकडा एकसारखेच दिसतात! अचूकता मोजणार कोण? तेच. पुढचा डाव ठरलेला असतो. मुदत संपली की ‘तुम्ही नापास’, मग कुणा ‘वकिला’चा फोन: करार मोडलात, दंड भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. पोरं घाबरतात आणि आईवडिलांना न सांगता पैसे भरतात. अरे, ठरलेलं काम पूर्ण झालं नाही हा काही फौजदारी गुन्हा नाही. फार तर दिवाणी दावा होतो, तिथे समोरच्याला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि असली टोळी तिथे फिरकत नाही. त्यासाठी कुणी अटक करायला येत नाही. सरळ फोन ठेवा.

‘पैशांबद्दल बोलू नका’ हा सल्ला मला तितकाच चीड आणतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 मध्ये आला. त्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँक ठरवते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सेवा देणारी एकटी व्यक्तीही यात बसते. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी, आणि ती काम हातात घेण्याआधी केलेली बरी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्ण मोफत. थकलेल्या पैशांचे वाद याच कायद्याखाली ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेत दाद मागायला वेळ जातो, हे कबूल. पण बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही. लोअर परळच्या एका एजन्सीची अकाउंट्सवाली मंडळी मला ‘पुढच्या सायकलला’ म्हणत महिनोन्‌महिने टोलवत होती. इनव्हॉइसच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि कलम 15, 16 चा उल्लेख टाकून पुन्हा मेल केला, तर त्याच आठवड्यात पैसे खात्यात जमा झाले.

फुकट लिहिण्याबद्दल थोडं मान्य करते. नमुने दाखवल्याशिवाय नवख्याला काम मिळत नाही, हे खरं. पण नमुना आपला आपण लिहायचा. दादरच्या फुलबाजारावर 400 शब्द लिहा, बँकेच्या एखाद्या इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करून बघा, त्यावर आपलं नाव घाला आणि पाठवा. ‘टेस्ट’ म्हणून कुणी अख्खा लेख मागितला तर दर विचारा. दर ऐकून जो गप्प होतो, तो पुढेही पैसे देणार नव्हता.

पदवी लागत नाही, हेही खरं. पण ऱ्हस्व-दीर्घ नीट हवं, दिलेली वेळ पाळायला हवी, आणि दोन-चार महिने एक रुपया आला नाही तरी घरखर्च निघेल एवढी तजवीज हवी. पहिल्याच महिन्यात 50,000 मिळवणारा नवखा माझ्या ओळखीत एकही नाही. एआयचं म्हणाल तर 10 मिनिटांत निघालेला मजकूर ग्राहक स्वतःच काढू शकतो, तुम्हाला पैसे कशाला देईल?

ज्यांनी शुल्क आधीच भरलंय त्यांनी लाजू नका, वेळही घालवू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. चॅट पुसू नका. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, तो ‘करार’, आलेले फोन नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार नोंदवताना हेच मागतात.