रेशनचं पामतेल आणि आजोळची करडई

नमस्कार,

बाहेरून येणाऱ्या स्वस्त तेलापेक्षा आपल्या करडईचं घाण्याचं तेल जपावं, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'रेशनचं पामतेल आलं म्हणून आमच्या घरी सणाला कढई चढली. घाण्याचं तेल हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे. बाहेरचं स्वस्त तेल नको, तर मग करायचं काय?'

दोन दिवस ही वाक्यं डोक्यात घोळत होती. त्यातलं पहिलं अगदी खरं आहे. आमच्याकडेही डबा घेऊन रेशनच्या रांगेत मीच उभी राहायचे. थंडीत ते तेल थिजायचं, मग आई डबा चुलीजवळ सरकवून ठेवायची. त्या तेलाला मी नावं ठेवणार नाही.

दुसरं मात्र मला मान्य नाही. बार्शीकडच्या माझ्या आजोळी ज्वारीच्या कडेने करडईचे तास असायचे. काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत, म्हणजे कुंपण आणि तेल एकाच पेऱ्यात. काढणी पहाटेची, दंवाने काटे मऊ असतात तोवरच. ऊन चढलं की हाताला फडकी गुंडाळूनही रक्त यायचं. मग मामा पोतं घेऊन घाण्यावर जायचा. गाळणावळीचे पैसे नसले तर घाणेवाले काका पेंडीतला वाटा ठेवून घ्यायचे. किटलीत कोमट तेल, पोत्यात उरलेली पेंड, आणि संध्याकाळी धारेच्या वेळी तीच पेंड भिजवून म्हशीपुढे. या घरांत श्रीमंत कुणीच नव्हतं. आज दुकानात बाटलीवरचा आकडा बघून तुमच्यासारखीच मीही दचकते. घाणा गावातून उठला, बाटलीत आला, आणि मग तो चोचला झाला.

आणखी एक. जहाजातून तेल येतं, पेंड येत नाही. तेलाची बचत मोजताना म्हशीच्या खुराकाचा खर्च कुणी धरत नाही.

गावातून करडई आणि घाणा गेला, ते आपोआप घडलं असंही नाही. 1986 मध्ये सरकारचं तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश आपल्या गरजेचं जवळजवळ सगळं खाद्यतेल स्वतः पिकवत होता. 1994 मध्ये पामोलिनची, म्हणजे पातळ पामतेलाची, आयात खुली झाली. तेव्हा आयात शुल्क 65 टक्के होतं, चार-पाच वर्षांत ते 15 टक्क्यांच्या आसपास आलं. आज वर्षाला साधारण 160 लाख टन तेल बाहेरून येतं, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त. करडई केवळ आयातीनेच गेली असं मी म्हणत नाही. काट्यांमुळे मजूर मिळेना, पाणी आलं तिथे ऊस आला, बाकी रानात सोयाबीन. पण सोयाबीनवाल्याचं तरी काय झालं? 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात अनेकांना 4,000 ते 4,300 सुद्धा मुश्किलीने मिळाले. त्या सप्टेंबरात सरकारने तेलावरचं आयात शुल्क वाढवलं, पुढच्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचं पुन्हा कमी केलं. पेरणी तोंडावर आलेली असताना!

स्वस्ताईचा भरवसा किती असतो, ते 2022 मध्ये दिसलं. जगात सगळ्यात जास्त पामतेल काढणारा देश इंडोनेशिया, आणि तिथेच बायाबापड्या तेलासाठी रांगेत उभ्या होत्या. 28 एप्रिलला तिथल्या सरकारने पामतेलाची निर्यात बंद केली, 23 मे रोजी उघडली. युक्रेनमधल्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल आधीच अडलं होतं. त्या वेळी आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्या मावशींनी गाडी आठवडाभर लावली नाही. तुमच्या घरासारख्याच घरांना ते आधी झोंबलं, मला नाही. तुमच्याशी माझा वाद आहे तो एवढ्यावरूनच.

आता करायचं काय. पामतेल उद्या बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, कारण उपाशी कढई मीही पाहिलीय. पण करडईला दरवर्षी हमीभाव जाहीर होतो, आणि त्या भावाने घेणारं केंद्र आमच्या भागात मी एकदाही पाहिलेलं नाही. ते आधी उघडावं. आयात शुल्क पेरणीआधी ठरावं आणि माल विकून होईपर्यंत हलू नये. बिनकाट्याचे वाण निघालेत, त्यांचं बी वेळेवर गावात पोचावं. आणि शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीला तेल लागतंच. ते त्याच तालुक्यातल्या घाण्याचं घ्यावं, पेंड तिथल्याच गोठ्यात जाईल.