निळी प्लेट आणि ‘5 पट प्रतिकारशक्ती’

ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. 96 खळग्यांची प्लेट, अर्धी गुलाबी, अर्धी गडद निळी. खाली मजकूर: ‘गुळवेलीचा अर्क टाकताच रोगप्रतिकारक पेशी निळ्या झाल्या. प्रतिकारशक्ती 5 पट! प्रयोगशाळेत सिद्ध.’ महाप्याच्या एमआयडीसीत अशाच प्लेटी वाचून माझं पोट चालतं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘रोगप्रतिकारक पेशी’? असा गुलाबी-निळा रंग देणाऱ्या रिपोर्टर पेशी (सिग्नल मिळाल्याचं रंगाने कळवणाऱ्या) बहुतेकदा एचईके 293 घराण्यातल्या असतात. म्हणजे मुळात भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या, 1973 साली नेदरलँड्समधल्या लायडनला वाढवलेल्या. टीएलआर4 हा जिवाणूंची चाहूल घेणारा रिसेप्टर त्यांच्यात जवळपास नसतोच, तो बाहेरून बसवतात. जोडीला एक जनुक घालतात. एनएफ-कप्पा-बीचा, म्हणजे पेशीतला दाहाचा सिग्नल नेणारा मार्ग जागा झाला की पेशी एक एन्झाइम बाहेर सोडते आणि द्रावण निळं होतं. पेशी निळी होत नाही.

‘5 पट’ हा त्या एन्झाइमचा आकडा. प्लेट आणखी काही तास ठेवली की तोही बदलतो.

‘गुळवेलीमुळे’ हा शब्द मात्र सगळ्यात महाग आहे. वनस्पतीच्या पावडरीत जिवाणूंचे अवशेष असतातच, आणि त्यातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतला विषारी घटक) नेमकं टीएलआर4लाच डिवचतं. मिलिलीटरमागे नॅनोग्रॅमभर पुरतं. अर्क उकळा, बारीक फिल्टरमधून गाळा, ते जात नाही. काचेच्या भांड्यावरून घालवायलासुद्धा 250 अंशांची कोरडी उष्णता लागते. म्हणून शेजारी टीएलआर4 नसलेल्या पेशींची प्लेट लावायची, एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घालून पुन्हा बघायचं, आणि अर्काचाच रंग मोजला जात नाही ना यासाठी पेशींविना काही खळगे ठेवायचे. फोटोत यातलं काही दिसत नाही. (गुलाबी अर्ध्यात काय होतं, हेही लिहिलेलं नाही.)

बरं, सिग्नल खरोखर गुळवेलीचाच असला तरी तो वाढणं चांगलंच, हे कुणी ठरवलं? कोविडमध्ये आयएल-6 हा दाह वाढवणारा रेणू भडकलेल्या गंभीर रुग्णांना टोसिलिझुमॅब हे औषध दिलं, ते त्या आयएल-6चा सिग्नल अडवायला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा बरीचशी स्वप्रतिरक्षेच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्याच्या धाटणीची होती. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, तोही नोंदवायला हवा.

फोटोखाली कुणीतरी उलट टोक गाठलंय: ‘पेशीच कृत्रिम, मग सगळंच बोगस.’ तसंही नाही. टोसिलिझुमॅबच्या बायोसिमिलरचा (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधाचा) जोर तपासायला अशाच, पण आयएल-6 ओळखणाऱ्या पेशी वापरता येतात. सगळ्या खळग्यांत आयएल-6 सारखं, औषध मात्र चढत्या मात्रेत. मूळ औषधाने ज्या मात्रेला सिग्नल निम्म्यावर येतो, साधारण त्याच मात्रेला नव्या औषधानेही यावा लागतो. तिथे गडद निळी प्लेट दिसली, तर औषधाने काम केलेलं नसतं.