कलम २९६ आणि एक चर

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, आमच्या गावाच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, माउंटन बाइक घेऊन उतरत असताना, तिचे पुढचे चाक नळासाठी खोदलेल्या चरात गेले आणि मी हँडलवरून उडून करवंदीच्या जाळीत गेलो. अपघात एवढाच. एकोणतीस इंची चाक मुळांवरून आणि जांभ्याच्या उंचवट्यांवरून सहज जाते. पण टायरच्याच रुंदीचा चर आडवा आला की ते त्यात माप घेतल्यासारखे बसते, आणि मागच्या चाकाला मात्र ही बातमी थोडी उशिरा कळते. त्या उशिराच्या क्षणात माझ्या तोंडून एक शब्द गेला. तो इथे छापण्याजोगा नाही.

एरवी त्या वाटेवर गुरांखेरीज कोणी भेटत नाही. त्या सकाळी मात्र माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचे, सामान गोळा करायला अर्धा गाव रानात उतरला होता. कोणाच्या पिशवीत कवंडळे होती, कोणाच्या काखेत आंब्याचे टाळे होते. शिवाय आमच्या देवळाच्या मंडपात नाटक सुरू होण्यापूर्वी ‘रसिक मायबाप प्रेक्षकहो’ म्हणणारा आवाज दरवर्षी माझाच असतो, आणि ध्वनिक्षेपकावर वाढलेला गळा रानातही खालच्या पट्टीत लागत नाही. ‘‘आवाज ओळखीचा वाटला, म्हणून वळून पाहिले,’’ असे शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ते कौतुकाने म्हटले, हे अधिक वाईट.

सर्वांत आधी माझ्यापाशी पोहोचले ते नाना. न्यायालयातल्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, पण न्यायालय त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही. हातात कोयता घेऊन ते माझ्या उशाशी उभे राहिले.

‘‘कलम २९६,’’ ते म्हणाले.

मी काट्यांतून कोपर सोडवत होतो. ‘‘नाना, जरा हात देता का?’’

‘‘देतो. पूर्वीचे २९४. दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आता २९६. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारणे. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यात एक मेख आहे. नुसत्या उच्चाराने गुन्हा होत नाही. ऐकणाऱ्याला त्याचा त्रास व्हावा लागतो, आणि तो त्रास शाबीत व्हावा लागतो.’’

असे म्हणून, मला द्यायचा हात कोयत्यासह पाठीमागे बांधून, नाना पुरावा गोळा करायला लागले.

पहिली साक्ष एका शाळकरी पोराची झाली. त्रास झाला का, असे विचारताच त्याने आनंदाने ‘नाही’ म्हटले आणि नेमका कोणत्या शब्दाचा त्रास झाला नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून तो शब्द खणखणीत उच्चारूनही दाखवला. त्याच्या आईने त्याला तिथल्या तिथे एक धपाटा घातला. वहिनींनी ‘‘त्रास असा नाही, पण तुमच्याकडून अपेक्षा नव्हती,’’ अशी जबानी दिली. नानांनी क्षणभर विचार केला आणि अपेक्षाभंग हा त्रासात मोडत नाही, असा निर्वाळा दिला. उरली एक म्हातारी आजी. तिला कमी ऐकू येते. काय झाले, हे तिला कळेना, म्हणून नानांनी आधी खुणा केल्या, मग वाकून तिच्या कानाशी कुजबुज केली आणि शेवटी नाइलाजाने तो शब्द, प्रत्येक अक्षर सुटे करून, माझ्याहून मोठ्याने उच्चारला. रानातली कुजबुज थांबली.

‘‘एवढेच?’’ आजी म्हणाली. ‘‘आमचे घरकार बैलांना रोज याहून मोठ्या घालायचे.’’ मग तिने सायकलकडे बघून विचारले, ‘‘केवढ्याची?’’

नानांना आता हेच कलम लागू होते काय, असे मी जाळीतूनच विचारले. साक्षीच्या ओघात उच्चारलेला शब्द निराळा, असे त्यांनी सांगितले.

मीही माझा बचाव मांडला. २००९ साली इंग्लंडच्या कील विद्यापीठात माणसांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले, तेव्हा साधा शब्द म्हणताना ठेवला त्यापेक्षा शिवी म्हणताना त्यांनी तो हात जास्त वेळ पाण्यात ठेवला. या संशोधनाला पुढच्याच वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले, तेही शांततेसाठी. नंतर असेही दिसले की, जो रोज उठून शिव्या देतो, त्याला हा गुण कमी येतो. मला तर आराम भरपूर पडला होता, म्हणजे मी शिव्या क्वचित देतो, हे आपोआपच सिद्ध होते. नानांनी सर्व ऐकून घेतले आणि त्या विद्यापीठाचे अधिकारक्षेत्र डिचोलीपर्यंत येते काय, असे विचारले.

एवढ्या चौकशीत चराकडे कोणी पाहिले असेल, तर शपथ. नळ टाकून मंडळी गेली, वर ढकललेली माती पहिल्या पावसात वाहून गेली, वर गवत माजले. ना फलक, ना फीत, ना साधी एखादी डहाळी रोवलेली. पहाटे अंधारात दूध घेऊन जाणारा मुलगा त्याच वाटेने स्कूटर घालतो. हा चर सार्वजनिक जागी आहे आणि त्याचा त्रास मला झाला आहे, कोपरावर तो शाबीतही होतो, याला कोणते कलम, असे मी नानांना विचारले. तो विषय वेगळा, म्हणून ते कवंडळे शोधायला निघून गेले. हात त्यांनी अखेरपर्यंत दिला नाही.

संध्याकाळी उत्सवाच्या मंडळींकडून निरोप आला की, यंदा निवेदन जरा आटोपशीर ठेवावे, कार्यक्रमाला लहान मुले असतात. रात्री मी नळाच्या कामावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. नाव सांगताच ते म्हणाले, ‘‘हो, हो, कानावर आले.’’

‘‘चराचे?’’

‘‘नाही, ते नाही.’’ पलीकडे कोणीतरी हसत होते. ‘‘चराचे काय असेल, ते लेखी द्या. फक्त भाषा तेवढी सांभाळा.’’