माझा आधार खड्ड्यात आहे

उपवन तलावावर सकाळी चालणाऱ्या आमच्या टोळक्याने व्हिएतनामला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. (मी घोडबंदर रोडवरून रिक्षा करून उपवनला चालायला जातो. यात काही विसंगती आहे असं फक्त आमच्या हिला वाटतं.) अण्णांनी विचारलं, "पासपोर्ट आहे ना?" मी हसलो. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कागद आहे का विचारणं म्हणजे हलवायाला साखर आहे का विचारण्यासारखं.

कागद होता. कुठे होता, तेवढंच माहीत नव्हतं. नौपाड्यात गावदेवी मैदानाजवळची आमची जुनी इमारत गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही ४१ खोक्यांसकट घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये भाड्याने आलो. टॉवरचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं आहे. शेजारचा टॉवरही इटलीतलाच. रिक्षावाल्यांनी या दोन्ही गावांचं मराठीकरण करून घेतलंय, ते मूळ नावापेक्षा बरं वाटतं. खोक्यांवर हिने मार्करने नावं घातली होती: 'महत्त्वाचं', 'अतिमहत्त्वाचं', 'भांडी'. दोन दिवस पहिली दोन उपसली. 'महत्त्वाचं'मध्ये २००९ सालची गॅसची पावती आणि 'अतिमहत्त्वाचं'मध्ये लोकरीचे गुंडे. पासपोर्ट 'भांडी'त, इडलीपात्राच्या आत होता.

"तिथे कोण चोर बघणार आहे?" ही म्हणाली. मला तरी कुठे सुचलं होतं?

उघडून बघितला तर मुदत संपायला चार महिने. मी निश्चिंत. अण्णांनी फोनवर सांगितलं, "बऱ्याच देशांना सहा महिने शिल्लक लागतात. तुमचा संपलेला नाही, पण चालणार नाही." हे ते पासपोर्टबद्दलच बोलत होते, असं मी धरून चालतो.

नूतनीकरण हा शब्द आपण घरी वापरतो. अर्जात त्याला 'रीइश्यू' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. जुन्या पुस्तिकेवर कोणी नवी तारीख टाकून देत नाही, नव्या नंबराची नवी पुस्तिका मिळते. १० वर्षांची मुदत, ३६ पानं, १,५०० रुपये. ६० पानांची हवी तर २,०००. दहा वर्षांत माझ्या साडेतीन पानांवर शिक्के पडले होते, त्यातलं अर्धं पान शिक्का पुसट उमटल्यामुळे. तरी माझं बोट ६० वर घुटमळलं. हिने ते मागे ओढलं.

ऑनलाइन अर्ज भरणं हे काम वाटतं त्याहून खाजगी आहे. 'शरीरावर दिसणारी ओळखीची खूण' असा रकाना आला. हिला विचारलं. चष्मा लावून तिने माझं निरीक्षण केलं आणि म्हणाली, "३३ वर्षांत माझ्या तर काही डोळ्यांत भरलं नाही." शेवटी लहानपणी विटी लागून भुवईवर झालेला व्रण शोधून काढला. पुढचा प्रश्न: दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का? घरी मी बाळू. बँकेत मला समोर 'साहेब' आणि पाठीमागे 'प्रूफसाहेब' म्हणायचे. माझ्या काउंटरवर पत्त्याचा पुरावा नसलेला माणूस कधी पुढे सरकला नाही, याचा मला अभिमान होता. एका आजोबांना मी वीजबिलावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव यांतल्या एका काना-मात्रेवरून तीनदा परत पाठवलं होतं. मी 'नाही' असं उत्तर दिलं. सबंध अर्जात खोटं तेवढंच.

मग पोलीस ठाणं. यादीतून निवडायचं होतं. नौपाड्यात असतो तर डोळे मिटून नौपाडा म्हटलं असतं. पण इथे कापूरबावडी की चितळसर की कासारवडवली? जन्म ठाण्यात गेला आणि आपलं ठाणं कोणतं ते माहीत नाही! सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर तीन मतं आली आणि एक शुभ सकाळ. त्यातल्या एकाची स्कूटर चोरीला गेली होती. त्याचं मत ग्राह्य धरलं.

दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि पत्तेही द्यायचे होते. परिसरातली, आपल्याला ओळखणारी माणसं. नौपाड्यात मला ओळखू नका म्हणून सांगावं लागायचं. इथे समोरच्या दारातल्या गृहस्थांशी रोज लिफ्टमध्ये भेट होते, पण मला नाव माहीत होतं ते त्यांच्या कुत्र्याचं, ब्रुनोचं. बेल वाजवली. दार उघडून ते आत ओरडले, "अगं, ते पेपरवाले काका आलेत!" माझा पेपर चुकून त्यांच्या दारात पडतो आणि तो मी परत मागायला जातो, एवढीच माझी टॉवरमधली कीर्ती. दोघांनी एकमेकांची नावं लिहून घेतली. ब्रुनोने माझा हात हुंगून ओळख पक्की केली.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग आला पत्त्याचा पुरावा.

आधारवर पत्ता नौपाड्याचा. मतदार ओळखपत्रावर नौपाड्याचा. बँकेच्या पासबुकावर नौपाड्याचा. आणि नौपाड्यात आमच्या पत्त्यावर सध्या तीस-चाळीस फूट खोल खड्डा आहे. त्यात पावसाचं पाणी साचलंय आणि एक पंप ते अहोरात्र उपसतोय. मी दर रविवारी पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून बघून येतो. माझं आख्खं अधिकृत अस्तित्व त्या खड्ड्यात होतं. माझा आधार खड्ड्यात आहे, असं मी पहिल्यांदा बोललो तेव्हा विनोद केला नव्हता. ही हसली म्हणून मला तो कळला.

इकडचं वीजबिल घरमालकाच्या नावाने, पाइप गॅसही त्यांच्याच नावाने. माझ्या नावावर या घरात फक्त तो पेपर येत होता, तोही समोरच्या दारात. राहता राहिला भाडेकरार. नोंदणी केलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण आपल्याकडचा लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा, आणि आमचे अकरा महिने वीस दिवसांपूर्वी भरले होते. घरमालक पुण्यात. "करू हो सावकाश, तुम्ही काय परके आहात का?" असं ते प्रेमाने म्हणाले होते. माणूस प्रेमळ असला की कागद लांबतो.

म्हणून मी माझ्या जुन्या शाखेत गेलो. म्हटलं, निदान पासबुकावरचा पत्ता तरी बदलून घेऊ. काउंटरवर बसलेला मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. उठून उभा राहिला, चहा मागवला, काकूंची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, नवीन पत्त्याचा काही पुरावा?"

"अरे, मी राहतो तिथे! गणपतीला जेवायला आला होतास की तू!"

"आलो होतो सर. उकडीचे मोदक अजून आठवतात." आणि मग अत्यंत संकोचाने, नजर कीबोर्डवर ठेवून, "पण सर, तुम्हीच सांगायचात. माणूस ओळखीचा असून भागत नाही, कागद ओळखीचा लागतो."

हे वाक्य माझं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच शिकवलं होतं. इतर काही त्याच्या लक्षात राहिलं नसतं तरी चाललं असतं. चहा पिऊन बाहेर पडलो, तर रांगेत एक आजोबा कपाळाला हात लावून वीजबिल वाचत होते. ते 'ते' आजोबा नव्हते, पण मी तिथून भराभर निघालो.

घरमालकांना गळ घातली. करार करायला आता कुठल्या कचेरीत जावं लागत नाही. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. पुण्यात मालकांचा अंगठा एका झटक्यात उमटला. माझा उमटेना. डावा, उजवा, ओला, कोरडा, सगळं झालं. एजंट म्हणाला, "काका, रेषाच राहिल्या नाहीत." ३४ वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या, त्यात माझ्या रेषा गेल्या. मुलीने फोनवरून उपाय सांगितला, ग्लिसरीन. हिने खोबरेल तेल. एजंटने स्वतःच्या पँटला अंगठा पुसायला लावला आणि नवव्या खेपेला यंत्राने मला माणूस म्हणून मान्य केलं. हाती आला तो अकरा महिन्यांचा कागद. त्याच्या जोरावर आता दहा वर्षांची पुस्तिका मागायची होती.

पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट वागळे इस्टेटला सव्वादहाची. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, ट्रेलर आणि माजिवड्याचा नाका यांचा हिशेब करून मी आठलाच निघालो. त्या दिवशी रस्ता मोकळा. असं फक्त आपण लवकर निघालो की होतं. पावणेनऊला पोचलो तर दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, "वेळेच्या पंधरा मिनिटं आधी या." सव्वा तास काय करायचं? मामलेदार मिसळ डोळ्यांसमोर आली. सरकारी कचेरीचं नाव लोकांनी इतक्या प्रेमाने घेतलेलं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. पण मिसळीनंतर फोटो काढायचा म्हणजे डोळे पाणावलेले आणि नाक लाल. मोह आवरला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन उभा राहिलो.

त्याने माझी फाइल न मागता उघडली. "जुन्या पासपोर्टची पहिली दोन पानं काढलीत. शेवटची दोन?" काढली नव्हती. "सह्या?" केल्या नव्हत्या. प्रत्येक झेरॉक्सवर आपणच सही करून ती खरी असल्याचं सांगायचं असतं, हे मी हजारो लोकांना सांगितलंय, तेही थोडं ओरडूनच. मग त्याला रंगीत प्रिंटआउट दिसला. "हे काय आहे?"

"माझा पत्ता," मी म्हटलं. खड्ड्याचा फोटो होता तो. पुरावा म्हणून ए-फोर आकारात काढून आणला होता. त्याने तो आदराने सगळ्यात खाली सरकवला.

आत गेल्यावर मी भांडायच्या पूर्ण तयारीत होतो. मुद्दे पाठ होते. पहिल्या काउंटरवर कागद स्कॅन झाले, फोटो तिथेच काढला. नौपाड्यातल्या स्टुडिओतून काढून आणलेले आठ फोटो खिशातच राहिले. "हसू नका सर," मुलगी म्हणाली. मी हसत नव्हतो, माझा चेहराच तसा आहे, हे सांगायला लागलो तेवढ्यात तिने बटण दाबलं. बोटांचे ठसे घेताना मी गुपचूप पँटला बोटं पुसली. पहिल्या झटक्यात उमटले.

टोकन घेऊन 'बी' काउंटरवर. तिथल्या अधिकारी बाई माझ्याच जातकुळीतल्या. कागद डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचत होत्या. मला जरा भीती वाटली आणि जरा भरूनही आलं. "आधार नौपाड्याचं, करार घोडबंदरचा?"

"मॅडम, नौपाड्यात..." मी सगळ्यात खालचा कागद काढून पुढे ठेवला.

त्यांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्या हळूच म्हणाल्या, "पार्किंग किती मजल्यांचं?"

"तीन म्हणतात."

"भाडं देतोय बिल्डर वेळेवर?"

"सध्या तरी."

"आमचं मुलुंडला पाच वर्षं झाली. खड्डासुद्धा नाही अजून." त्यांनी उसासा सोडला, करारावरचा नोंदणी क्रमांक तपासला, तारीख तपासली, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या. खड्ड्याचा फोटो दोन्ही हातांनी परत दिला. "सांभाळा," म्हणाल्या. 'सी' काउंटरवर दोन मिनिटं. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळाला. एक तास दहा मिनिटांत मी रस्त्यावर होतो. इतकी तयारी करून गेलो आणि कोणी छळलं नाही. रिक्षात बसल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

पोलीस पडताळणीला हवालदार आले तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. त्यांनी समोर चौकशी केली. ब्रुनोच्या बाबांनी छातीठोकपणे सांगितलं, "हो हो, राहतात! रोज पेपर मागायला येतात." आमच्याकडे चहा झाला. हवालदारांनी विचारलं, "याआधी कुठे?" मी फोटो आणायला उठलो, पण हिने डोळ्यांनीच बसवलं.

काही दिवसांनी स्पीड पोस्टाने पुस्तिका आली. यात आता चिप असते, कव्हरवर तशी सोनेरी खूण असते. ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही हरवलात तर सापडाल?" चिप जागा दाखवत नाही, नुसती माहिती साठवते, असं समजावलं. "मग काय उपयोग?" म्हणून तिने ती उघडली. शेवटच्या पानावर माझा पत्ता छापलेला, टॉवरच्या इटालियन नावासकट. दहा वर्षांसाठी पक्का. ग्रुपवर फोटो टाकला. अण्णांनी अंगठा दाखवला. अण्णांचा अंगठा कुठल्याही यंत्रात उमटतो.

त्याच रविवारी पुण्याहून घरमालकांचा फोन आला. आवाजात पुन्हा तेच प्रेम. "तुम्ही काय परके नाही, म्हणून आधीच सांगतो. मुलाचं लग्न ठरलंय. करार संपला की फ्लॅट लागेल."

संध्याकाळी तोच अंगठ्याचा एजंट आम्हाला दुसरा फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. वाघबीळच्या पुढे, तीन टॉवर, मध्ये कारंजं. मी मान वर करून गेटवरची पाटी वाचली.

या वेळी ग्रीस होतं.