हायकूच्या सतरा अक्षरांविषयी खुलासा

हायकू म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता. ‘ओळींत पाच-सात-पाच अशी सतरा अक्षरे जुळली की हायकू झाला’ हे नवोदितांना सर्रास सांगितले जाणारे विधान दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. जपानीत मोजली जातात ती आपली अक्षरे नव्हेत, तर उच्चाराची लहान एकके. दीर्घ स्वराची दोन आणि शब्दान्तीच्या ‘न्’चेही एक धरले जात असल्याने, आपण दोन अक्षरांत लिहितो तो ‘टोक्यो’ तिथे चार एककांचा होतो. मात्रावृत्ते मोजणाऱ्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. शिवाय, वाळक्या फांदीवरच्या कावळ्याच्या प्रसिद्ध हायकूत खुद्द बाशो या थोर जपानी हायकूकाराची मधली ओळ नऊ एककांची आहे.

दुसरे असे की, सेन्र्यू हा माणसांच्या स्वभावावर बोट ठेवणारा जपानी काव्यप्रकारही पाच-सात-पाचच असतो. पारंपरिक हायकू ओळखायचा तो ऋतुसूचक शब्दावरून आणि मध्येच थबकवणाऱ्या छेदक शब्दावरून. बाशोच्या १६८६ मधल्या ‘फुरुइके या’ (‘जुने तळे’) या हायकूत त्यातला बेडूक वसंत सुचवतो, तर ‘या’ हा उद्गार जुन्या तळ्यापाशी क्षणभर थांबवतो. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकूही तीन ओळींचा आहे, पण सतरा अक्षरांना बांधलेला नाही.